काउंटरवरची विक्री, पार्किंगमधली विक्री : ब्रुकफील्ड प्रकरणाचा अभ्यास

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहराजवळच्या ब्रुकफील्ड या उपनगरात २१ ऑक्टोबर २०१२ रोजी, रविवारी सकाळी, एका सलून आणि स्पामध्ये गोळीबार झाला. गोळ्या झाडणारा पंचेचाळीस वर्षांचा माणूस तिथे काम करणाऱ्या एका स्त्रीचा पती होता. त्याने पत्नीला आणि आणखी दोन स्त्रियांना ठार केले, चौघींना जखमी केले आणि शेवटी स्वतःवर गोळी झाडून घेतली. मृत पत्नीची मुलगी त्या वेळी तिथेच होती. ज्या पिस्तुलातून या गोळ्या सुटल्या, ते त्याच्या हाती आदल्या दिवशीच आले होते.

बंदूक ऑनलाइन घ्यावी की जवळच्या दुकानातून, याची चर्चा अमेरिकेत बहुधा किंमत, निवड आणि सोय या अंगाने होते. पण इंटरनेटवरून कोणीही, कसलीही चौकशी न होता, हवे ते शस्त्र घरपोच मागवू शकतो अशी एक समजूतही त्या चर्चेला चिकटलेली असते. ब्रुकफील्डचे प्रकरण या समजुतीचा पुरावा म्हणून अनेकदा पुढे केले जाते. या प्रकरणातील घटनाक्रम, त्यातून उभा राहिलेला खटला आणि मिलवॉकीच्याच परिसरात दुकानातून विकल्या गेलेल्या एका पिस्तुलाचा दुसरा खटला शेजारी ठेवून पाहिला, तर प्रश्न वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. खरेदी पडद्यावर ठरली की काउंटरवर, यापेक्षा शस्त्र हातात पडण्यापूर्वी मध्ये परवानाधारक माणूस उभा होता की नव्हता, यावर जवळजवळ सगळे अवलंबून असते, आणि तो उभा असला तरी त्याने डोळे उघडे ठेवले होते का, हे त्यानंतर विचारावे लागते.

सतरा दिवस

४ ऑक्टोबर २०१२ रोजी या माणसाने स्पाबाहेर पत्नीच्या गाडीचे टायर कापले. ८ तारखेला पत्नीला तात्पुरता संरक्षण आदेश मिळाला आणि १८ तारखेला, गुरुवारी, मिलवॉकी काउंटीच्या कोर्टाने चार वर्षांचा अंतिम आदेश दिला. त्यात पत्नीपासून दूर राहण्याबरोबरच चार वर्षे कोणतेही अग्निशस्त्र जवळ न बाळगण्याचा हुकूम होता. अशा आदेशाखाली असलेल्या व्यक्तीने बंदूक बाळगणे हा १९९४ पासून केंद्रीय कायद्यानेही गुन्हा आहे. म्हणजे गुरुवारपासून हा माणूस राज्याच्या आणि देशाच्या, दोन्ही कायद्यांनुसार बंदूक घेण्यास अपात्र होता.

शनिवारी त्याने बंदूक घेतली. आर्म्सलिस्ट या संकेतस्थळावर त्याने खरेदीसाठी जाहिरात दिली होती. रोख पैसे तयार आहेत, पिस्तूल लवकरात लवकर हवे आहे, त्यात जास्त गोळ्या बसणारे मॅगझिन असावे, असा तिचा आशय होता. त्याच संकेतस्थळावरून एका खाजगी विक्रेत्याशी त्याचा संपर्क झाला आणि जर्मनटाउन या गावातील मॅकडोनाल्ड्सच्या पार्किंगमध्ये दोघे भेटले. चाळीस कॅलिबरचे एक अर्धस्वयंचलित पिस्तूल आणि तीन मोठी मॅगझिने पाचशे डॉलर रोख देऊन त्याने ताब्यात घेतली. कोणी काही लिहून घेतले नाही, कोणी फोन केला नाही, आणि त्या राज्यातील त्या विक्रेत्यावर तसे करण्याचे कायदेशीर बंधनही नव्हते.

या प्रकरणातली ही एकच त्रुटी होती, असे म्हणता येणार नाही. ब्राउन डिअर या उपनगरातील त्यांच्या घरी अनेक वर्षे पोलिसांची ये-जा होती, आणि त्यांच्या हातून काय निसटले याची चर्चा मिलवॉकीत पुढे बरीच झाली. पण खरेदीच्या मार्गाचा अभ्यास करायचा तर गुरुवार ते शनिवार हे अंतर सर्वांत महत्त्वाचे आहे. कोर्टाचा आदेश आणि पिस्तूल यांच्यामध्ये दोनच दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत खरेदीदाराने जो मार्ग निवडला तो तपासणी टाळणारा मार्ग होता.

हाच माणूस दुकानात गेला असता तर

समजा, त्या शनिवारी तो मिलवॉकीतील एखाद्या परवानाधारक दुकानात गेला असता. तिथे त्याला सरकारी ओळखपत्र दाखवून ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय अर्ज भरावा लागला असता. त्या अर्जात इतर प्रश्नांबरोबर असा सरळ प्रश्न असतो की जोडीदाराला किंवा मुलांना त्रास देण्यापासून, पाठलाग करण्यापासून वा धमकावण्यापासून रोखणारा कोर्टाचा आदेश तुमच्यावर लागू आहे का. होय म्हटले तर विक्री तिथेच थांबते. नाही म्हटले तर तो स्वतंत्र गंभीर गुन्हा ठरतो आणि त्याचा लेखी पुरावा दुकानदाराच्या फाइलीत राहतो.

त्यानंतर तपासणी. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने परवानाधारक विक्रेत्याला खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणे बंधनकारक केले आणि ३० नोव्हेंबर १९९८ पासून केंद्रीय तपास संस्था एफबीआय ही तपासणी तत्काळ पद्धतीने करू लागली. विस्कॉन्सिनमध्ये पिस्तुलांपुरती ही तपासणी राज्याचे न्याय खाते करते, त्यामुळे दुकानदाराने संपर्क साधला असता तर तो त्याच राज्याच्या खात्याशी, जिथल्या कोर्टाने दोन दिवसांपूर्वी आदेश दिला होता.

आणि तिसरी गोष्ट, जी आज अनेकांच्या लक्षातही नाही. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनच्या दुकानातून पिस्तूल घेणाऱ्याला ते हातात मिळण्यापूर्वी अठ्ठेचाळीस तास थांबावे लागत असे. १९७० च्या दशकात आलेला हा नियम २०१५ मध्ये रद्द करण्यात आला. शनिवारी दुकानात गेलेल्या माणसाला, नोंदीत काहीही सापडले नसते तरी, पिस्तूल सोमवारच्या आधी मिळाले नसते. गोळीबार रविवारी झाला.

यावर हमखास येणारे उत्तर असे की ज्याला मारायचेच आहे तो कुठूनही हत्यार मिळवतो. हे पूर्णपणे खोटे नाही, पण त्यात वेळ हा घटक गृहीत धरलेला नसतो. घरगुती हिंसाचारात जोडीदार सोडून जातो किंवा कोर्टात जातो, तो काळ सर्वांत धोक्याचा मानला जातो, आणि संरक्षण आदेशाबरोबर शस्त्रबंदी जोडण्यामागे हाच विचार आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रहिमी खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी ही केंद्रीय बंदी घटनेशी सुसंगत ठरवली. म्हणजे अपात्रतेबद्दल आता वाद उरलेला नाही. अपात्र माणसाला विक्रीच्या क्षणी ओळखायचे कोणी, हा वाद उरतो.

ऑनलाइन म्हणजे घरपोच नव्हे

टपालाने बंदूक घरी येण्याचा काळ अमेरिकेत खरोखरच होता. १९६३ च्या मार्चमध्ये ली हार्वी ऑस्वाल्डने शिकागोच्या क्लाइन्स या दुकानाकडे एक कूपन पाठवून, टोपणनावाने, दुर्बीण लावलेली इटालियन रायफल मागवली होती. किंमत १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च वेगळा. ती डॅलसच्या एका टपालपेटीत आली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतर पाच वर्षे चाललेल्या रस्सीखेचीतून, आणि मार्टिन लूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर, १९६८ चा बंदूक नियंत्रण कायदा आला. त्याने परराज्यातून थेट ग्राहकाच्या दारात बंदूक पाठवणे बंद केले.

आज इंटरनेटवरून होणारी कायदेशीर खरेदी त्याच कायद्याच्या चौकटीत होते. परराज्यातील विक्रेता, तो मोठी कंपनी असो वा लिलावाच्या संकेतस्थळावरचा एखादा हौशी संग्राहक, बंदूक खरेदीदाराच्या गावातील परवानाधारक दुकानदाराकडे पाठवतो. खरेदीदार त्या दुकानात जातो, तोच ४४७३ अर्ज भरतो, तीच तपासणी होते आणि मगच वस्तू हातात पडते. दुकानदार या कामाचे शुल्क घेतो, ते सहसा वीस ते पन्नास डॉलरच्या आसपास असते. म्हणजे पैसे पडद्यावर भरले तरी ताबा काउंटरवरच मिळतो.

व्यवहाराच्या दृष्टीने या दोन मार्गांत फरक आहेत, पण ते थोडक्यात सांगण्यासारखे आहेत. ऑनलाइन निवड मोठी असते आणि किंमत अनेकदा कमी दिसते. त्यात पाठवणीचा खर्च, हस्तांतर शुल्क आणि राज्याचा कर मिळवला की एका बंदुकीमागचा फायदा बराच आटतो. दुकानात वस्तू हातात घेऊन पाहता येते, जिथे सरावाची सोय आहे तिथे चालवूनही पाहता येते, आणि बिघाड झाला तर ओळखीचा माणूस समोर असतो. जुनी बंदूक छायाचित्रांवरून घेणाऱ्याने दुकानात ती उघडून नीट तपासावी आणि मगच अर्जावर सही करावी, कारण एकदा ताबा नावावर झाला की परत करणे अवघड होते. काही दुकानदार बाहेरून आलेली बंदूक हस्तांतरासाठी स्वीकारतच नाहीत, हेही आधी विचारून घेणे बरे. हा सगळा भाग ग्राहकाच्या सोयीचा आहे. ब्रुकफील्डच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, कारण ब्रुकफील्डचे पिस्तूल यातल्या कोणत्याच मार्गाने गेले नव्हते.

फट नेमकी कुठे

ब्रेडी कायद्याने तपासणीचे बंधन परवानाधारक विक्रेत्यावर घातले, विक्रीवर घातले नाही. ज्याचा बंदूकविक्री हा धंदा नाही अशा माणसाने आपल्याजवळची बंदूक त्याच राज्यातील दुसऱ्या रहिवाशाला विकली, तर केंद्रीय कायदा त्याच्याकडून एवढीच अपेक्षा करतो की खरेदीदार अपात्र असल्याचे त्याला माहीत नसावे आणि तसा संशय घेण्यास सबळ कारण नसावे. न विचारणाऱ्याला माहीत होत नाही. सुमारे वीस राज्यांनी आपापल्या कायद्यांनी खाजगी विक्रीही तपासणीखाली आणली आहे, काहींनी सर्व शस्त्रांसाठी तर काहींनी फक्त पिस्तुलांसाठी. विस्कॉन्सिन त्यांत नाही.

ही तरतूद लिहिली गेली तेव्हा खाजगी विक्री म्हणजे शेजारी, नातेवाईक, शिकारीतला मित्र, फार तर स्थानिक वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात. अनोळखी माणसाला अनोळखी विक्रेता सापडणे कष्टाचे होते आणि ते कष्ट हाच एक प्रकारचा अडसर होता. आर्म्सलिस्ट २००७ मध्ये सुरू झाले, क्रेग्सलिस्ट या मोठ्या जाहिरात-संकेतस्थळाने बंदुकांच्या जाहिराती बंद केल्यानंतर, आणि त्याने हा अडसर दूर केला. विक्रेते राज्यानुसार आणि खाजगी की व्यापारी यानुसार वेगळे काढून पाहता येत होते. प्रामाणिक खरेदीदाराच्या दृष्टीने ही साधी सोय आहे, कारण खाजगी विक्रीत कर लागत नाही आणि किंमत कमी असते. अपात्र खरेदीदाराच्या दृष्टीने तीच यादी वेगळ्या कामाची ठरते.

याबाबत दोन सरकारी पाहण्या परस्परविरोधी वाटतात, आणि त्यांच्यातला विरोध उलगडला की फट अधिक स्पष्ट होते. २०११ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या प्रशासनाने नेमलेल्या तपासनिसांनी चौदा राज्यांतील १२५ खाजगी ऑनलाइन विक्रेत्यांशी बोलून, आपण बहुधा तपासणीत उत्तीर्ण होणार नाही असे सांगितले. त्यांपैकी ७७ जण, म्हणजे ६२ टक्के, तरीही विकायला तयार झाले. उलट अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, उघड इंटरनेटवर केलेल्या ७२ प्रयत्नांपैकी एकही यशस्वी झाला नाही. २९ विक्रेत्यांनी बंदूक पाठवणार नाही असे सांगितले आणि २७ जणांनी खरेदीदार अपात्र आहे हे कळताच नकार दिला. बंदूक-हक्कांचे पुरस्कर्ते दुसरी पाहणी पुढे करतात आणि नियंत्रणाचे पुरस्कर्ते पहिली. पण लेखापरीक्षण संस्थेच्या पाहणीत बंदूक पाठवण्याचा मुद्दा होता, आणि पाठवणे जोखमीचे आहे हे विक्रेत्यांना पक्के ठाऊक होते. ब्रुकफील्डच्या सौद्यात पाठवायचे काहीच नव्हते. दोघे एकाच राज्यात होते, गाडीने थोड्या वेळात भेटू शकत होते. माझ्या मते या दोन आकड्यांतून निघणारा अर्थ असा की इंटरनेटवर बंदूक विकली जाण्यापेक्षा इंटरनेटवर भेट ठरते, आणि कायद्याची नजर त्या भेटीवर नाही.

बेजर गन्स : काउंटरही आंधळे असू शकते

इथपर्यंत वाचून परवानाधारक दुकान म्हणजे सुरक्षित मार्ग असा निष्कर्ष निघाला, तर तो घाईचा ठरेल, आणि त्याचे उदाहरण शोधायला मिलवॉकीबाहेर जावे लागत नाही. वेस्ट मिलवॉकीतील बेजर गन्स या दुकानातून मे २००९ मध्ये एकवीस वर्षांच्या एका तरुणाने एक टॉरस पिस्तूल घेतले. ते त्याने स्वतःसाठी घेतले नव्हते. सोबत आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला, ज्याला वयामुळे दुकानातून पिस्तूल घेता येत नव्हते, ते हवे होते. आपले नाव आणि सही देण्याबद्दल मोठ्याला चाळीस डॉलर मिळाले. दुकानातील कॅमेऱ्यात लहान मुलगा हवे ते पिस्तूल बोटाने दाखवताना दिसतो. खरा खरेदीदार तुम्हीच आहात का या प्रश्नाचे उत्तर अर्जावर आधी एक आणि मग दुसरे लिहिले गेले होते. अठ्ठेचाळीस तासांची प्रतीक्षाही पाळली गेली. सुमारे पाच आठवड्यांनी, ९ जून २००९ रोजी, त्या मुलाने मिलवॉकीच्या दोन पोलिसांवर गोळ्या झाडल्या आणि दोघेही गंभीर जखमी झाले.

इथे तपासणी झाली, कागद भरला, वेळ गेला आणि तरीही पिस्तूल चुकीच्या हातात पडले, कारण तपासणी कागदावरच्या नावाची होते आणि ते नाव स्वच्छ होते. दुसऱ्याच्या वतीने होणारी अशी खरेदी हाणून पाडण्याचे साधन म्हणजे काउंटरमागच्या माणसाची नजर, आणि ती नजर त्या दिवशी कामी आली नाही. याच जागी आधी बेजर आउटडोअर्स या नावाने चालणाऱ्या दुकानातून विकलेल्या ५३७ बंदुका २००५ या एका वर्षात गुन्ह्यांच्या तपासात सापडल्या होत्या, हे लक्षात घेता तो एक वाईट दिवस होता असेही म्हणवत नाही. आणखी एक ढिलाई कायद्यातच आहे : केंद्रीय तपासणीचा निकाल तीन कामकाजाच्या दिवसांत आला नाही तर दुकानदार विक्री पुरी करू शकतो. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटनच्या चर्चमध्ये जून २०१५ मध्ये नऊ जणांना मारणाऱ्या तरुणाला पिस्तूल मिळाले ते याच वाटेने, एका परवानाधारक दुकानातून.

दोन खटले, एक काउंटी

मिलवॉकी काउंटीच्या कोर्टात ऑक्टोबर २०१५ मध्ये योगायोगाने दोन्ही मार्ग शेजारी आले. जखमी पोलिसांनी बेजर गन्सविरुद्ध भरलेल्या दाव्यात ज्युरीने दुकानाला जबाबदार धरून जवळजवळ साठ लाख डॉलरची भरपाई देण्याचा निर्णय दिला. पुढे दहा लाख डॉलरवर तडजोड झाली. बंदूक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना, ग्राहकाने केलेल्या गुन्ह्याबद्दलच्या दाव्यांपासून, २००५ चा एक केंद्रीय कायदा मोठे संरक्षण देतो, पण विक्रेत्याने जाणूनबुजून कायदा मोडला किंवा धोका दिसत असताना शस्त्र हाती दिले तर ते संरक्षण गळून पडते. ज्युरीसमोर अर्ज होता, चित्रफीत होती आणि कारकुनाची साक्ष होती. दुकानाने चूक केली, आणि चूक झाल्याचे दाखवता आले, ते दुकान होते म्हणूनच.

त्याच महिन्यात ब्रुकफील्डमध्ये मारल्या गेलेल्या स्त्रीच्या मुलीने आर्म्सलिस्टविरुद्ध दावा दाखल केला. तिचे म्हणणे असे होते की संकेतस्थळाची रचनाच तपासणी टाळू पाहणाऱ्यांच्या सोयीची आहे : खाते न उघडता संपर्क साधता येतो, खाजगी विक्रेते वेगळे काढता येतात, आणि आक्षेपार्ह जाहिरात कळवण्याची सोय गुन्हेगारी हेतू कळवण्यासाठी वापरता येत नाही. कनिष्ठ कोर्टाने दावा फेटाळला. राज्याच्या अपील कोर्टाने एप्रिल २०१८ मध्ये तो पुन्हा जिवंत केला, कारण त्याच्या मते दावा दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराबद्दल नव्हता, संकेतस्थळाने स्वतः केलेल्या रचनेबद्दल होता. एक वर्षाने, ३० एप्रिल २०१९ रोजी, विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध एक मतांनी अपील कोर्टाचा निर्णय उलटवला. १९९६ च्या संप्रेषण सभ्यता कायद्याचे कलम २३० सांगते की दुसऱ्याने पुरवलेल्या मजकुराबद्दल संकेतस्थळाला प्रकाशक मानता येणार नाही. आर्म्सलिस्टची साधने कायदेशीर आणि बेकायदेशीर दोन्ही कामांना वापरता येण्याजोगी, म्हणजे तटस्थ, आहेत आणि त्यांची रचना करणाऱ्याचा हेतू काय होता याने फरक पडत नाही, असे बहुमताने ठरवले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी अपील ऐकण्यास नकार दिला.

कायद्याचा तांत्रिक अर्थ म्हणून बहुमताचा निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. कलम २३० तितके रुंद लिहिले गेले आहे. त्याचा परिणाम मात्र पाहावा. दुकानदार पाहतो, म्हणून त्याने काय पाहिले याचा जाब विचारता येतो. संकेतस्थळ पाहत नाही, आणि न पाहणेच त्याचे कायदेशीर कवच आहे. खाजगी विक्रेता समोर उभा असतो, पण विचारण्याचे बंधन त्याच्यावर नाही. या तिघांपैकी ज्याच्यावर जबाबदारी ठरवता येते त्याच्याकडे जाण्याचे टाळून, ज्यांच्यावर ती ठरवता येत नाही अशा दोघांमार्फत ब्रुकफील्डचे पिस्तूल विकले गेले.

परवाना माणसाला की तपासणी विक्रीला

मराठी वाचकाला हा सगळा गुंता चमत्कारिक वाटतो, कारण आपल्याकडची रचना उलट्या टोकापासून सुरू होते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना आधी, शस्त्र नंतर. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडून मिळालेला परवाना खरेदीदाराच्या नावावर असतो, त्यामुळे शस्त्र कोणत्या दुकानातून घेतले याने त्याच्या पात्रतेचा प्रश्न बदलत नाही. एका परवानाधारकाने दुसऱ्याला शस्त्र विकायचे तरी जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. या व्यवस्थेचे दोष आपल्याला माहीत आहेत : वशिला, रखडणाऱ्या फाइली आणि परवान्याच्या बाहेर फिरणारे गावठी कट्टे. पण ऑनलाइन की दुकान हा प्रश्न सुरक्षिततेचा म्हणून तिथे उभाच राहत नाही. विस्कॉन्सिनच्या शेजारच्या इलिनॉय राज्यातही १९६८ पासून बंदूक बाळगणाऱ्याला राज्याचे ओळखपत्र लागते. अमेरिकेच्या बहुतेक भागात मात्र पात्रता माणसाबरोबर चालत नाही. ती दर विक्रीला नव्याने तपासावी लागते, आणि जिथे तपासणारा नाही तिथे ती गृहीत धरली जाते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांना याचा थेट फटका बसू शकतो तो व्हिसाच्या बाबतीत. ग्रीन कार्डधारकाला बंदूक घेता येते. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला, शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक बाळगणे केंद्रीय कायद्याने मना आहे. दुकानात हे अर्जावरच उघड होते आणि विक्री थांबते, जे त्याच्याच हिताचे असते. पार्किंगमधला विक्रेता व्हिसा विचारत नाही. सौदा सहज होतो आणि गुन्हा खरेदीदाराच्या खात्यावर जमा होतो, त्याबरोबर देशात राहण्याचा हक्कही पणाला लागतो. विकणाऱ्यासाठीही एक साधा उपाय आहे : खाजगी सौदा ठरला तरी दोघांनी परवानाधारक दुकानात जाऊन तपासणी करून घेता येते, आणि अनेक जबाबदार बंदूकधारक हे शुल्क आनंदाने भरतात. ब्रुकफील्डच्या विक्रेत्याने एवढी एक अट घातली असती, तर खरेदीदार बहुधा दुसरीकडे वळला असता. पण त्याच्याकडे घाई होती आणि वेळ नव्हता.

२०२२ मध्ये केंद्रीय कायद्यात बंदूकविक्रीचा धंदा कोणाचा म्हणायचा याची व्याख्या थोडी रुंदावली गेली; विक्रीवरच उपजीविका चालत नसली तरी मुख्य हेतू नफा कमावण्याचा असेल तर परवाना घ्यावा लागेल, असा तिचा आशय आहे. त्यामुळे संकेतस्थळांवर वारंवार विकणारे काही जण कक्षेत येतात. आपल्याजवळचे एकच पिस्तूल विकणारा, जर्मनटाउनच्या पार्किंगमध्ये उभा असलेला माणूस, त्या व्याख्येबाहेरच राहतो.